‘तो म्हणाला’ बरोबर, मग ‘तो सांगितला’ चूक कसं?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, मराठीच्या वहीत लाल शाई सगळ्यात जास्त कशावर सांडली. ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवलं तर उत्तर बहुतेक एकच येईल. ‘तो सांगितला’, ‘मी अभ्यास केलो’, ‘ती भात खाल्ली’. त्यावर काट मारून वर लिहिलेलं असतं : ‘त्याने सांगितले’, ‘मी अभ्यास केला’, ‘तिने भात खाल्ला’. आणि समासात शेरा : कानडी वळण टाळा.

माझं म्हणणं असं आहे की दुरुस्ती ठीक आहे, शेरा मात्र अपुरा आहे. नुसता अपुरा नाही, तर आपल्या बोलीकडे बघायची नजर बिघडवणारा आहे. हे समजून घ्यायला भाषाशास्त्रातली एक कल्पना फार उपयोगी पडते. ती म्हणजे जनरेटिव्ह व्याकरणातला ‘लेक्सिकॉन’. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या रोजच्या तोंडातली आहे.

लेक्सिकॉन म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातला कोश. कपाटातल्या शब्दकोशात शब्द आणि त्याचा अर्थ असतो. मनातल्या कोशात त्याहून बरंच काही असतं : हा शब्द वाक्यात कुठे बसतो, सोबत कुणाला घेतो, आणि त्यांना कोणते प्रत्यय लावायला सांगतो. ‘झोपणे’ला एक माणूस पुरतो. ‘खाणे’ला खाणारा हवा आणि खायची वस्तू हवी. ‘देणे’ला देणारा, घेणारा आणि वस्तू असे तिघं हवेत. ‘ठेवणे’ला ठेवणारा, वस्तू आणि जागा. हे कुणी पाठ करून घेत नाही, पण तीन-चार वर्षांच्या पोरालाही ते येतं. ‘मी आईला झोपलो’ असं ते म्हणत नाही.

आता गंमत बघा. मराठीत भूतकाळी वाक्यात सकर्मक क्रियापद आलं की कर्त्याला ‘ने’ लागतो, असा नियम आपण शाळेत शिकतो. त्यानं पुस्तक वाचलं, तिनं पत्र लिहिलं. छान. मग ‘तो धडा शिकला’ हे काय? धडा कर्म आहे, क्रियापद सकर्मक आहे, तरी ‘ने’ नाही. ‘तो नाव विसरला’, ‘तो डोंगर चढला’, ‘तो भात जेवला’, तिथंही नाही. वर्तमानपत्राचं क्रीडापान उघडा. एका संघानं सामना जिंकला, दुसरा संघ सामना हरला. सामना तोच, मैदान तेच, वाक्याची घडण तीच. जिंकणाऱ्याला ‘ने’ आणि हरणाऱ्याला नाही! अर्थावरून याचा हिशेब लागत नाही. डोंगर चढताना ‘तो चढला’, आणि तोच डोंगर पार केला की ‘त्यानं ओलांडला’.

मनातल्या गोष्टींचं बघा. तो नाव विसरला. त्याला नाव आठवलं. त्यानं नाव लक्षात ठेवलं. एकच माणूस, एकच नाव, एकच डोकं, पण कर्त्याची रूपं तीन. कोणतं रूप घ्यायचं हे ठरवतं क्रियापद. म्हणजे ही माहिती नियमात नाही, त्या त्या क्रियापदाच्या नोंदीत आहे. ‘हरणे’च्या नोंदीत एक खूण आहे : मी सकर्मक असलो तरी माझ्या कर्त्याला ने लावू नका. ‘जिंकणे’च्या नोंदीत ती खूण नाही. आपल्या जुन्या व्याकरणकारांनीही या प्रकरणाशी भरपूर झटापट केलीय. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात प्रयोगविचारावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत, ती उगीच नाहीत.

आता बोलण्याच्या क्रियापदांकडे या. तो बोलला. तो म्हणाला. त्यानं सांगितलं. त्यानं विचारलं. चारही तोंडानं करायच्या गोष्टी. दोन बिनप्रत्ययाच्या, दोन प्रत्ययाच्या. आणि ‘म्हणणे’ तर एकटं दोन नोंदी घेऊन बसलंय. निरोप असेल तर ‘तो म्हणाला’, गाणं असेल तर ‘त्यानं गाणं म्हटलं’. आता मला सांगा, उचगावातलं किंवा कंग्राळीतलं एखादं पोर ‘तो म्हणाला’, ‘तो बोलला’ ऐकून ‘तो सांगितला’ म्हणालं, तर त्यानं काय तर्कदुष्ट केलं? पुण्याच्या मराठीत जी सवलत चार-दहा क्रियापदांना आहे ती त्यानं सगळ्यांना दिली. ‘तो म्हणाला’वर बरोबरची खूण आणि ‘तो सांगितला’वर काट, याचं कारण वर्गात कुणी सांगत नाही, कारण कारण असं काही नाहीच. प्रमाण मराठीच्या कोशात दोन नोंदी वेगळ्या आहेत, एवढंच.

इथं जरा मागे जाऊन या कल्पनेचा प्रवास सांगतो, थोडक्यात. नोम चॉम्स्कीचं पहिलं पुस्तक १९५७ साली आलं तेव्हा त्याच्या मांडणीत लेक्सिकॉनला वेगळी खोलीच नव्हती. वाक्य पाडायचे नियम, आणि त्याच नियमांच्या शेवटी ‘नाम म्हणजे मुलगा, चेंडू, दगड’ असे शब्द चिकटवलेले. याचा तोटा असा की ‘दगडानं विचार केला’ हे वाक्यही यंत्रातून सुखरूप बाहेर पडतं. १९६५ च्या पुस्तकात त्यानं शब्दांना स्वतंत्र घर दिलं. प्रत्येक नामापाशी ते सजीव की निर्जीव, मोजता येणारं की नाही अशा खुणा, आणि प्रत्येक क्रियापदापाशी त्याला कोण कोण लागतं याची चौकट.

पुढे १९७० च्या एका लेखात त्यानं विचारलं की क्रियापदावरून तयार होणारी नामं नियमानं होतात की कोशातच बसलेली असतात. मराठीत हा प्रश्न समजायला फार सोपा आहे. कोणत्याही धातूला ‘णे’ लावा, नाम तयार : येणे, हसणे, झोपणे. अर्थही सरळ. पण ‘णी’ लावून बघा. पेरणी होते, कापणी होते, मागणी होते, पण ‘हसणी’ आणि ‘झोपणी’ होत नाही. ‘करणी’ होते, पण तिचा अर्थ करणे असा राहत नाही, लिंबू-मिरची होतो. ‘लावणी’ रोपाची वेगळी आणि फडातली वेगळी. म्हणजे ‘णे’ नियमाचा आणि ‘णी’ कोशाचा. १९८१ पर्यंत पारडं इतकं फिरलं की वाक्याची रचना क्रियापदाच्या नोंदीतूनच उगवते, नियमांना फारसं काम उरत नाही, असं म्हटलं जाऊ लागलं. पुढे १९९३ मध्ये मॉरिस हाले आणि अ‍ॅलेक मॅरन्ट्झ यांनी तर असा एकसंध कोशच नाही, तीन वेगळ्या याद्या आहेत, असंही सांगितलं. ते भांडण अजून मिटलेलं नाही आणि आपल्याला इथं त्यात पडायची गरज नाही.

आपल्या कामाची कल्पना यातली एकच. १९८४ मध्ये हागिट बोरर हिनं मांडली आणि चॉम्स्कीनं पुढे उचलून धरली. भाषाभाषांत रचनेचे जे फरक दिसतात ते मूळ नियमांत नसतात, ते कोशातल्या लहान लहान घटकांच्या नोंदींत असतात. लहान म्हणजे भात, नदी, वखार असले भरीव शब्द नव्हेत. काळ दाखवणारे प्रत्यय, विभक्ती, ‘की’, ‘म्हणून’ हे. आपण ज्यांना शब्द म्हणायलाही तयार नसतो, ते.

आता परत ‘तो सांगितला’कडे. भूतकाळाचा आपला प्रत्यय ‘ल’ : केला, गेला, सांगितला. प्रमाण मराठीत या ‘ल’च्या नोंदीत एक ओळ जास्त आहे. सकर्मक क्रियापदाला मी लागलो तर कर्त्याला ‘ने’ लावा आणि क्रियापद कर्माच्या मागे पाठवा. आपल्याकडच्या ‘ल’च्या नोंदीत ती ओळ नाही. बस्स. हजारो वाक्यं वेगळी दिसतात, पण फरक एका अक्षराच्या नोंदीतल्या एका ओळीचा. ती ओळ गेली की ‘हरणे’, ‘शिकणे’, ‘विसरणे’ यांच्या अंगावरच्या अपवादाच्या खुणाही निरुपयोगी होतात. पोराला पाठ करायचं ओझं कमी होतं. ‘मी भाकरी खाल्लो’, ‘तो सामना जिंकला’, ‘ती पत्र लिहिली’, सगळीकडे क्रियापद कर्त्याच्या मागे, एका रांगेत. अज्ञानातून झालेली चूक अशी रांगेत उभी राहत नाही. ती कुठेही, कशीही होते. आपल्याकडे ‘त्यानं आला’ कुणी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट या बदलाला मदत करते. प्रमाण मराठीतही ‘मी’ आणि ‘तू’ला ‘ने’ दिसत नाहीच. मी आंबा खाल्ला, तू आंबा खाल्लास. कर्ता बिनप्रत्ययाचाच कानावर पडतो. मग पोरानं त्याच्यापुढचं क्रियापद कर्त्याशी जुळवून ‘मी आंबा खाल्लो’ केलं, तर दार आधीच अर्धं उघडं होतं असं म्हणायला पाहिजे.

हे सगळ्यांच्या तोंडी सारखं नाही, हेही सांगून टाकतो. घराघरात फरक आहे, गल्लीगल्लीत आहे. एकच मुलगी घरात ‘मी केलो’ आणि वक्तृत्व स्पर्धेत ‘मी केलं’ म्हणते. म्हणजे एका डोक्यात ‘ल’च्या दोन नोंदी नांदतात, आणि समोर कोण बसलंय ते बघून एक बाहेर येते.

आता शेऱ्यातला दुसरा भाग, कानडी वळण. कानडीत कर्त्याला ‘ने’सारखं काही लागत नाही हे खरंच आहे. ‘अव नाळे बरतेन अंत हेळिद’ (उच्चार गावोगाव थोडा बदलतो). शब्दाखाली शब्द ठेवा. अव म्हणजे तो, नाळे म्हणजे उद्या, बरतेन म्हणजे येतो, अंत म्हणजे म्हणून, हेळिद म्हणजे सांगितला. ‘तो उद्या येतो म्हणून सांगितला.’ एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. बाजूच्या गल्लीत दखनी उर्दू बोलणारा काय म्हणतो? ‘वो कल आतूं बोलके बोला.’ परत तेच. दिल्ली-लखनौची उर्दू ‘उसने कहा कि’ म्हणते. दखनीनं तो ‘ने’ केव्हाच सोडला आणि ‘कि’च्या जागी वाक्यामागे ‘बोलके’ घेतलं. कानडीचं ‘अंत’, मराठीचं ‘म्हणून’, दखनीचं ‘बोलके’ : तिघंही मुळात ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूचे, तिघंही निरोप संपल्यावर मागे उभे राहतात. पुणेरी वळण ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’. ‘की’ निरोपाच्या आधी येतो आणि ‘म्हणून’ नंतर. कुठे उभं राहायचं हे त्या शब्दाच्याच नोंदीत लिहिलेलं असतं.

या गोष्टीचा सगळ्यात नामांकित अभ्यास आपल्या दारातच झालाय, आणि आपल्या किती विद्यार्थ्यांना तो ठाऊक आहे, देव जाणे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या कुपवार गावावर (त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं नाव हेच) एक लेख प्रसिद्ध केला. गावात जैन कुटुंबं कानडी बोलणारी, मुसलमान उर्दू बोलणारे, दलित वस्ती मराठी बोलणारी, थोडी घरं तेलुगूची. शतकानुशतकं शेजार. त्यांना आढळलं ते असं : या भाषांची वाक्यरचना एकमेकींसारखी होत होत जवळजवळ एक झाली आहे, आणि शब्द मात्र वेगळेच राहिले आहेत. तिथली मराठी नामांचं लिंग कानडीच्या पद्धतीनं लावू लागली : माणसातला पुरुष, माणसातली बाई, आणि उरलेलं सगळं नपुंसक. तिथली कानडीही बदलली. एरवी कानडीत ‘हे तुमचं घर’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं, कुपवारच्या कानडीनं मराठीसारखं शेवटी ‘आहे’ घेतलं. म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून आहे. मराठी बिघडली असं रडणाऱ्यांनी आणि कानडी जिंकली असं म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे वाचायला हवं.

शब्द का टिकले? त्या दोघांनी दिलेलं कारण मला पटतं. घरात आपली भाषा बोलणं ही त्या त्या जमातीची ओळख होती आणि ओळख शब्दांत दिसते. शब्दावर माणसाचं लक्ष असतं. रचनेवर नसतं, म्हणून ती नाक्यावर कुणी न हटकता पलीकडे जाते. आपल्या सीमाभागात तर हे रोज घडतं. १९५६ पासून आपण भांडतो आहोत, १९६७ चा महाजन अहवाल झाला, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, २०१४ मध्ये बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. या सगळ्या काळात शब्दांची मोजदाद दोन्ही बाजूंनी झाली. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे आमचे, असं एका बाजूनं म्हणायचं, आणि कचेरीतले, बाजारातले मराठी शब्द दुसऱ्या बाजूनं दाखवायचे. पाटीवर वरती कोणती ओळ यावर डोकी फुटतात. त्याच पाटीखाली उभे राहून दोन्ही बाजूंची माणसं एकाच घडणीचं वाक्य बोलत असतात, आणि त्याची फिर्याद कुणी करत नाही.

‘ननगे बेकु’, ‘मला पाहिजे’. ‘ननगे गोत्तिल्ल’, ‘मला माहीत नाही’. इंग्रजीत हवं असणारा माणूस कर्ता असतो. कानडीत आणि मराठीत त्याला चतुर्थी लागते, जणू हवंपण बाहेरून येऊन त्याला चिकटतं. एक द्राविड कुळातली, एक आर्य कुळातली, तरी ‘बेकु’ आणि ‘पाहिजे’ यांच्या नोंदी बहिणीसारख्या. शब्दांच्या यादीत हे नातं कधीच दिसणार नाही, कारण ‘बेकु’ आणि ‘पाहिजे’ यांच्यात एक अक्षर सारखं नाही.

लिंगाचंही असंच. मराठीत भिंत ती, दगड तो, झाड ते. का? कारण नाही. प्रत्येक नामाच्या नोंदीत ते सुटं लिहून ठेवावं लागतं. कानडीत अर्थावरून लिंग कळतं, वस्तू असेल तर नपुंसक, नोंद ठेवायचा खर्चच नाही. म्हणून कानडी घरातून आलेली आपली मैत्रीण ‘खुर्ची मोडला’ म्हणते तेव्हा हसणाऱ्यांनी जरा थांबावं. तिला मराठीची हजारो नामं एकेक करून पाठ करायची आहेत. आपल्याला ती आयती मिळाली.

एक आडवळण, पण आपल्या कॉलेजच्या मासिकात ते शोभेल. मराठीचं एक सुरुवातीचं छापील व्याकरण विल्यम कॅरीनं १८०५ मध्ये श्रीरामपूरहून काढलं आणि १८१० मध्ये वेगळ्या पुस्तकात मोडी अक्षरांत कोश. मोल्सवर्थचा थोर कोश १८३१ चा, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. कानडीत फर्डिनांड किटेल, कोश १८९४ मध्ये आणि व्याकरण १९०३ मध्ये. या मंडळींचे उपकार मोठे आहेत. मोल्सवर्थनं तर शब्दाशब्दापाशी थांबून वापराच्या बारीक टीपा दिल्यात. पण कोश एका पुठ्ठ्यात आणि व्याकरण दुसऱ्या पुठ्ठ्यात, या छपाईच्या सोयीनं आपल्या मनात पक्कं बसलं की शब्द म्हणजे एक आणि भाषेचे नियम म्हणजे वेगळंच. पाणिनीचं तसं नव्हतं. त्याची सुमारे चार हजार सूत्रं धातुपाठाशिवाय चालतच नाहीत. धातुपाठात जवळपास दोन हजार धातू आहेत आणि प्रत्येकाला खुणेची अक्षरं चिकटवलेली. ‘ङ्’ची खूण असेल तर तो धातू आत्मनेपद घेणार. म्हणजे धातूच्या नोंदीतच त्याचं वागणं लिहिलेलं. पाणिनीचं व्याकरण आपल्या अर्थानं जनरेटिव्ह म्हणता येईल, असं चॉम्स्कीनं १९६५ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत कबूल केलंय.

चॉम्स्कीवर माझा एक आक्षेपही आहे. त्याच पुस्तकात तो एक आदर्श भाषक कल्पून चालतो. समाज एकजिनसी, भाषा एक, बोलणारा कधी न अडखळणारा. असा माणूस बेळगावच्या खडेबाजारात एक दिवस टिकायचा नाही. भाजीवालीशी एक, बस कंडक्टरशी दुसरी, घरी तिसरी, आणि मोबाइलवर तिन्हींची खिचडी, हे आपलं साधं जगणं. गंपर्झ नेमका दुसऱ्या गोटातला, समाजात उतरून भाषा बघणारा. तरी दोघं जवळपास एकाच जागी येऊन पोचतात हे मला विशेष वाटतं. एक म्हणतो, रचना मुळात सगळ्यांची एक, फरक कोशात. दुसरा म्हणतो, शेजारानं रचना एक झाली, फरक शब्दांत उरला. ‘मुळात’ आणि ‘शेजारानं’ यातलं अंतर कमी नाही. पण सीमाभागातल्या माणसानं या दोघांपैकी एकालाच धरून बसायचं कारण नाही.

काही जण म्हणतील, मग काय, परीक्षेत ‘तो सांगितला’ लिहायचं? नाही. प्रमाण मराठी आपल्याला यायलाच पाहिजे. कोल्हापूर-पुण्याला पुढं शिकायला जाणाऱ्यांना, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना तिची गरज आहे. बोलीचा गौरव म्हणून पोरांना तिच्यापासून लांब ठेवणं हा दुटप्पीपणा झाला. प्रश्न शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. ‘तुझं चुकलं’ म्हणण्याऐवजी ‘तुझ्या घरच्या ‘ल’ची नोंद अशी आहे, पुस्तकातल्या ‘ल’ची अशी आहे, दोन्ही ठेव’ असं शिकवता येतं. ‘हरला’ आणि ‘जिंकलं’ची जोडी फळ्यावर लिहून दहा मिनिटांत दाखवता येतं की पुस्तकी मराठीचा नियमही वाटतो तेवढा सोवळा नाही. पोराला लाज वाटत नाही आणि नियमही नीट कळतो. लाजेपायी गप्प बसलेली पोरं मराठी विषयच सोडून देतात, हे आपण मराठी विभागाच्या रिकाम्या बाकांवरून बघतोच आहोत.

आपल्याकडच्या लेखकांनी हे केव्हाच ओळखलं होतं. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा वाचताना आपण कानडी शब्दांवर बोट ठेवतो, ‘हा बघा बेळगावी शब्द’ म्हणून खूश होतो. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणाऱ्या महादेव मोरे यांच्या कथांचंही तेच. पुन्हा एकदा वाचा आणि शब्द सोडून वाक्याच्या शेपटाकडे बघा. क्रियापद कुणाच्या मागे चाललंय, निरोप कुठे संपतोय, ‘म्हणून’ कुठे उभा आहे. शब्दाचा अर्थ तळटीपेत देता येतो, वाक्याच्या वळणाला तळटीप चालत नाही. भरीव शब्द सगळे प्रमाण मराठीचे असूनही वाक्य इकडचंच राहू शकतं.

मंडळात दर वर्षी एक सूचना येते, सीमाभागाचा बोलीकोश करूया. सूचना चांगली आहे, मी तिच्या बाजूनं आहे. पण आजवर अशा उत्साहातून जे तयार होतं ते बहुतेक दोन रकान्यांची यादी असतं. डावीकडे बेळगावी शब्द, उजवीकडे त्याचा पुणेरी अर्थ. अशी यादी वाचायला मजेशीर असते, समारंभात टाळ्या घेते, आणि बोलीबद्दल फारसं काही सांगत नाही. त्या यादीत ‘सांगणे’ येणारच नाही, कारण तो शब्द पुण्यातही ‘सांगणे’च आहे. ‘ल’ येणार नाही. ‘म्हणून’ येणार नाही. म्हणजे जिथं आपली मराठी खरोखर वेगळी आहे नेमकं तेवढंच गळून जाणार.

म्हणून माझी सूचना : यंदा कोश करायचा असेल तर क्रियापदांचा करूया. शंभर पुरेत. प्रत्येक क्रियापदापाशी भूतकाळात कर्ता कसा येतो ते लिहायचं, ‘तो’ की ‘त्यानं’ की ‘त्याला’. क्रियापद कर्त्याशी जुळतं की कर्माशी ते लिहायचं. बोलणारा पुरुष की बाई तेही नोंदवायचं, कारण ‘मी आलो’ असं आपल्याकडच्या आणि कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका सहज म्हणतात, आणि कानडीतही ‘मी’च्या क्रियापदात स्त्री-पुरुष भेद नसतो. त्याच वाक्याचं कानडी आणि दखनी रूप शेजारी देवनागरीत लिहायचं. त्यासाठी वर्गातल्या कानडी आणि उर्दू घरच्या मित्रांना सोबत घ्यावंच लागेल. हे काम मराठी मंडळाचं एकट्याचं नाही. प्रत्येकानं आपल्या गावातली, आपल्या घरातली तीन पिढ्यांची माणसं विचारायची : आजी, आई, धाकटा भाऊ. थेट ‘तुम्ही कसं म्हणता?’ असं विचारू नका. माणूस लगेच पुस्तकी होतो. गोष्ट सांगायला लावा आणि ऐका.

सुरुवात ‘हरणे’ आणि ‘जिंकणे’पासून करायला हरकत नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड आणि बेळगाव शहर, या पाच ठिकाणी कालची क्रिकेटची मॅच कुणालाही सांगायला लावा. ‘आम्ही जिंकलो’ हे सगळीकडे एकच येईल, त्यात फसू नका. सामन्याचं नाव घेऊन, दुसऱ्या संघाबद्दल काय म्हणतात ते टिपून घ्या.